वास, आठ

मुंढव्याला नदीच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराखाली
गुरुवारी दुपारी तीनला आम्ही बसतो.
चार इवले ग्लास, पाण्याचा जग,
जिभेवरची आधीची चव पुसायला कोरडे चुरमुरे.
शाल्मली ढमढेरे, वय एकोणतीस,
दही लावावं तशी बिअर लावते.
आम्हाला पैसे देत नाही, आमच्याकडून घेतही नाही,
नुसता छापील कागद पुढे करते:
रूप दहा, वास दहा, चव दहा, अंग दहा, एकूण मत दहा.

मी बत्तीस वर्षं पिंपरीला औषधांच्या कारखान्यात
टाक्यांतल्या बुरशीची नाडी बघितली.
होशंगची कॅम्पात बेकरी होती.
आंबणं दोघांनाही नवं नाही,
आणि हात दोघांचाही आखडता.
पैकीच्या पैकी अजून कुणाला दिलेले नाहीत.
बेल्जियमच्या कुठल्याशा मठातून
कुणाच्या तरी मोज्यात गुंडाळून आलेल्या बाटलीलाही नाहीत.
(तिला एक्केचाळीस. बूच जरा कुबट होतं.)

कागदावरचे शब्द इंग्रजी, ते मला पुरत नाहीत.
मी समासात लिहितो:
करपट, पण पोळीचा करपट, दुधाचा नव्हे.
गव्हाच्या पांढरीत भरडलेले धणे, आणि संत्र्याची साल,
सोलताना डोळ्यात उडते तेवढीच.
ट्रिपेलमध्ये वेलची केळं, काळे ठिपके पडलेलं,
आज शिकरण केलं नाही तर उद्या टाकावं लागेल असं.
डबेलला शाल्मलीने परदेशी साखरेऐवजी काकवी घातली:
गुऱ्हाळ. चुलाणाच्या बाजूचं.

फेब्रुवारीत एक पिंप बिघडलं.
थिएटरातल्या लाह्यांवर असतो तसला
लोण्याचा खोटा, खवट वास.
मी गप्प राहून होशंगकडे बघितलं.
त्याने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले,
नेहमीचे तीन छोटे श्वास,
आणि लिहिलं: वास, आठ.

घरी जाऊन मागचे कागद काढले.
दिवाळीपासून वास, आठ. वास, आठ. वास, आठ.
त्याआधी पाच, साडेसहा,
एकदा दोन, आणि शेजारी गुजरातीत शिवी.
दिवाळीत त्याला ताप येऊन गेला होता.
जन्मभर पहाटे चारला पावाच्या वासाने उठलेल्या माणसाला
कसं विचारायचं,
तुझं नाक कधी गेलं?

विचारलं नाही. पुढच्या गुरुवारपासून
मोठ्याने बोलत लिहायला लागलो.
अक्षर लागत नाही माझं मलाच, असं शाल्मलीला सांगितलं.
"ओली घोंगडी," मी म्हणायचो, "पण मेंढपाळाच्या खांद्यावरची नाही.
दोरीवर दोन दिवस राहिलेली."
होशंग पेन्सिल थांबवायचा.
"दोरी नायलॉनची का काथ्याची?"
मी परत हुंगायचो. काथ्याची.
"मग सहा."
"सहा कसे? चारच्या वर लायकी नाही तिची."
आमचे मार्क पुन्हा भांडायला लागले.

गेल्या गुरुवारी तिने नवीन आणली,
आंबट, जांभळट, करवंदं घातलेली. अजून नाव नाही.
मी नाक घातलं, बोलायला तोंड उघडलं.
करवंद होतं, चीक होता,
एप्रिलमधली टेकडी होती चार वाजताची,
आणि त्याच्या पलीकडे काहीतरी,
ज्याला शब्द सापडेना. माझ्या मराठीत तरी.
तसाच बसलो. फेस हळूहळू खाली गेला.
होशंग माझ्या चेहऱ्याकडे बघत होता,
भट्टीचं दार किलकिलं करून
पाव कितपत फुगलाय बघावा, तसा.
मग म्हणाला, "बस. समजला."

त्या कागदांवर वासाचा रकाना दोघांचाही कोरा.
बेरीज करताना शाल्मली म्हणाली, काका, हे राहिलंय.
राहू दे.
चाळीसपैकी सदतीस.
पुण्यात एवढे कुणी कुणाला देत नाही.